पाण्याच्या बदल्यात पाणी: कोयनेचं कर्नाटकला, कर्नाटकचं जतला, हा व्यवहार दरवर्षी अडतो कुठं?

उन्हाळा तापायला लागला की बंगळूरहून मुंबईला एक पत्र निघतं. मुख्यमंत्री बदलतात, पक्ष बदलतात, पत्रातला मजकूर फारसा बदलत नाही. उत्तर कर्नाटकात पिण्याच्या पाण्याची टंचाई आहे, तेव्हा कोयना किंवा वारणा धरणातून कृष्णेत आणि उजनीतून भीमेत पाणी सोडा, अशी ती मागणी असते. मे २०२३ च्या अखेरीस मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी एकनाथ शिंदे यांना लिहिलेल्या पत्रात कृष्णेसाठी २ टीएमसी आणि भीमेसाठी ३ टीएमसी मागितले होते. मार्च २०२५ च्या अखेरीस त्यांनीच देवेंद्र फडणवीस यांना पत्र लिहिलं. त्यात आकडे होते २ आणि १.

पत्राची बातमी आली की कोल्हापूर-सांगलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेले दोन मेसेज फिरतात. पहिला, ‘इथं उपसाबंदी लावून आमची मोटर बंद करता आणि तिकडं पाणी सोडता?’ दुसरा, ‘द्या की, पण त्याच्या बदल्यात आमच्या जतला पाणी द्यायला सांगा.’

पहिला मेसेज रागाचा आहे आणि तो समजण्यासारखा आहे. दुसऱ्यात मात्र एक अख्खी योजना दडलेली आहे. सरकारी भाषेत तिला ‘पाण्याच्या बदल्यात पाणी’ म्हणतात. २०१९ पासून तिच्यावर उघडपणे चर्चा सुरू आहे. ऐकायला ती अगदी सरळ वाटते. तरीही दोन्ही राज्यांच्या सह्या असलेला कायमस्वरूपी करार अजून झालेला नाही.

हा तर पैराच झाला

कोल्हापूर भागात शेतकऱ्याला ही कल्पना समजावून सांगायची गरज नाही. आज तुमची बैलजोडी माझ्या रानात, उद्या माझी तुमच्या रानात, याला पैरा म्हणतात. सामायिक विहिरीवर भाऊभाऊसुद्धा असंच करतात. ‘या पाळीला तू घे, माझा ऊस पुढच्या आठवड्यात भिजवतो.’ पैसे कुणी कुणाला देत नाही, पण हिशोब दोघांच्याही डोक्यात पक्का असतो.

धरणांच्या बाबतीत हेच मोठ्या प्रमाणात करायचं. एकाच नदीवर दोघांचे साठे आहेत. एकाला पाणी हवंय ते ठिकाण दुसऱ्याच्या धरणाच्या खाली आहे, आणि दुसऱ्याला हवंय ते ठिकाण पहिल्याच्या योजनेला लागून आहे. अशा वेळी दोघांनी आपापलं पाणी लांबून ओढून नेण्यापेक्षा जवळच्याने जवळच्याला द्यावं आणि वहीत नोंद करावी. नदीत एक थेंबही वाढत नाही, फक्त कोणता थेंब कुणाच्या नावावर पडला ते बदलतं.

पाणी मुबलक असेल तर असल्या व्यवहाराची गरजच पडत नाही. ती पडते नदीतलं सगळं पाणी आधीच कुणाच्या ना कुणाच्या नावावर लागलेलं असतं तेव्हा. कृष्णा ही तशी नदी आहे. न्यायमूर्ती बच्छावत यांच्या लवादाने १९७० च्या दशकात ७५ टक्के विश्वासार्हतेने, म्हणजे शंभरपैकी पंचाहत्तर वर्षं मिळेल असं, कृष्णा खोऱ्यातलं पाणी २०६० टीएमसी धरलं. त्यातले महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकला ७०० आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशला ८०० टीएमसी दिले. वापरून पुन्हा नदीत झिरपणाऱ्या पाण्याची भर घालून हे आकडे ५८५, ७३४ आणि ८११ झाले. वाटणी पूर्ण, शिल्लक शून्य. पुढे धरणं, उपसा योजना आणि उसाचे फड वाढत गेले. २००१ ते २००४ या तुटीच्या वर्षांत तर कृष्णेचं पाणी समुद्रापर्यंत जवळपास पोचलंच नाही.

दुसऱ्या लवादाने, म्हणजे न्यायमूर्ती ब्रिजेश कुमार यांच्या लवादाने, २०१० मध्ये निवाडा दिला आणि २०१३ मध्ये सुधारित अहवाल दिला. त्यात महाराष्ट्राचा वाटा ६६६ टीएमसीपर्यंत वाढवला होता. पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि निवाडा राजपत्रात प्रसिद्ध होण्याला स्थगिती मिळाली. त्यामुळे सोशल मीडियावर ‘महाराष्ट्राचं ६६६ टीएमसी’ असा आकडा दिसला तर तो अजून अमलात आलेला नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

नकाशा डोळ्यासमोर आणा

कोयना नदी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. तिथून कृष्णा सांगलीकडे निघते. सांगलीजवळ हरिपूरला वारणा येऊन मिळते. ही वारणा म्हणजे बरंच अंतर कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांची हद्द, आणि तिच्यावरचं चांदोलीचं धरण ३४.४० टीएमसीचं. पुढे म्हैसाळचा बंधारा लागतो. मग नदी शिरोळ तालुक्यातून जाते, नृसिंहवाडीला पंचगंगा तिच्यात येते, आणि त्यानंतर राजापूरचा बंधारा. कोल्हापूर जिल्ह्यातलं हे राजापूर म्हणजे कोकणातलं नव्हे. कृष्णेवरचा महाराष्ट्रातला शेवटचा बंधारा म्हणून ते ओळखलं जातं. राजापूरच्या खाली जे गेलं ते कर्नाटकचं.

पुढे कर्नाटकात हिप्परगी बंधारा आणि त्याच्याही पुढे अलमट्टी. अलमट्टी हे तब्बल १२३ टीएमसीचं धरण, मग कर्नाटकला टंचाई कशी, असा प्रश्न कमेंटमध्ये हमखास विचारला जातो. उत्तर सोपं आहे. अलमट्टी खाली आहे आणि टंचाई वर आहे. चिकोडी, रायबाग, अथणी, जमखंडी या भागांतली नदीकाठची गावं हिप्परगीच्या साठ्यावर आणि त्याच्या वरच्या पात्रावर अवलंबून असतात. अलमट्टीचं पाणी उलटं वर चढवून त्यांना देता येत नाही. त्यांच्यासाठी पाणी यायचं ते वरूनच, म्हणजे महाराष्ट्रातून.

आता दुसरं टोक. सांगली जिल्ह्याचा जत तालुका, त्यातही पूर्व भाग. कृष्णेपासून लांब, उंचावर, पाऊस बेभरवशाचा. म्हैसाळ उपसा सिंचन योजना कृष्णेचं पाणी म्हैसाळला उचलून टप्प्याटप्प्याने कवठेमहांकाळमार्गे जतकडे नेते, पण पूर्वेकडची पासष्टएक गावं तिच्या आवाक्याबाहेर राहिली. सीमेपलीकडे कर्नाटकने जमखंडी भागात कृष्णेतून पाणी उचलून विजयपूर जिल्ह्याकडे नेणारी तुबची-बबलेश्वर योजना उभी केली. तिचं पाणी जतच्या हद्दीजवळ खेळतं. काही ठिकाणी उतार असा आहे की पलीकडे सोडलेलं पाणी ओढ्याने आपोआप जतच्या तलावात उतरतं.

म्हणजे महाराष्ट्राने कोयनेतून सोडायचं, ते राजापूरमार्गे कर्नाटकात जायचं, कर्नाटकने कृष्णेतून उचलायचं आणि त्यातलं ठरलेलं पाणी जतला द्यायचं. जतकराला मिळणारं पाणी एका अर्थाने सह्याद्रीतलंच असेल, फक्त परराज्यातून वळसा घालून आलेलं.

आधी पैसे, मग पाणी

कर्नाटक उन्हाळ्यात महाराष्ट्राकडून पाणी घेतंय हे नवं नाही. आधीच्या काही वर्षांत त्यासाठी पैसे मोजले गेले, काही वेळा माणुसकी म्हणून सोडलं गेलं. २०१९ च्या उन्हाळ्यात कर्नाटकने ४ टीएमसी मागितले, तेव्हा मात्र महाराष्ट्राने सूर बदलला. पैसे नकोत, जत, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरसाठी पाणी द्या.

पैशाने भागत का नाही, हे कळायला कोयना धरण समजून घ्यावं लागतं. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. त्यातलं वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी बच्छावत लवादाच्या निर्णयानुसार वीज करण्यासाठी पश्चिमेला, सह्याद्रीच्या पलीकडे नेता येतं. ते पाणी वीज तयार करून वाशिष्ठीला आणि पुढे अरबी समुद्राला मिळतं, परत येत नाही. पूर्वेला जातं ते उरलेलं. त्याच उरलेल्यावर कराड-सांगलीचा नदीकाठ, सांगली शहराचं पिण्याचं पाणी आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळ या तिन्ही मोठ्या उपसा योजना टेकलेल्या आहेत. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला, कोयना पूर्ण भरली नाही, तर सांगलीत कृष्णेचं पात्र उघडं पडलं. पाणी सोडण्यावरून सातारा आणि सांगलीचे लोकप्रतिनिधीच एकमेकांसमोर उभे राहिले. दोन राज्यांचं सोडा, दोन जिल्ह्यांचं जमेना.

अशा वर्षी कर्नाटकला २ टीएमसी द्यायचे तर ते कुणाच्या तरी ताटातून काढूनच द्यावे लागतात. वीजनिर्मितीतून काढले तर काही कोटी युनिट विजेवर पाणी सोडावं लागतं. सिंचनातून काढले तर एखादं आवर्तन पुढे ढकलावं लागतं. सरकारच्या तिजोरीत पैसे आले म्हणून तासगावच्या द्राक्षबागेला किंवा शिरोळच्या उसाला पाणी मिळत नाही. म्हणून पाण्याची परतफेड पाण्यानेच, हा आग्रह.

जतची गोष्ट

या सगळ्या चर्चेत जत एक चिठ्ठी बनून इकडून तिकडे फिरत राहिलं आहे.

पाणी मिळत नाही म्हणून जत पूर्वमधल्या गावांनी २०१२ च्या सुमारास कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते. महाराष्ट्र सोडून जायची हौस म्हणून कुणी ठराव करत नाही. टँकरची वाट बघून थकलेल्या गावांनी सरकारला दिलेला तो धक्का होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये विधानसभेच्या प्रचारासाठी कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बी. एस. येडियुरप्पा जतला आले आणि तुबची-बबलेश्वरमधून पाणी देण्याचं आश्वासन देऊन गेले. त्यावर कर्नाटकातल्या विरोधकांनी त्यांना धारेवर धरलं, आपल्याच लोकांना पाणी नाही आणि हे शेजाऱ्यांना वाटतायत म्हणून. कोल्हापूरच्या व्हॉट्सॲपवरचा पहिला मेसेज तो हाच, फक्त कन्नडमध्ये.

मग नोव्हेंबर २०२२ मध्ये सीमावाद तापलेला असताना मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतच्या त्या जुन्या ठरावांचा दाखला देत या गावांवर दावा सांगितला. पाठोपाठ तुबची-बबलेश्वरचं पाणी सीमा ओलांडून जत तालुक्यात उतरलं आणि तिकोंडीचा तलाव भरला. त्या बातमीचे व्हिडिओ अनेकांनी पाहिले असतील. गंमत अशी की वर्षानुवर्षं जे तांत्रिकदृष्ट्या जमेल का म्हणून बैठका चालू होत्या, ते चिडवण्यासाठी का होईना, काही दिवसांत करून दाखवलं गेलं. पाणी येऊ शकतं, हे तिकोंडीने सिद्ध केलं.

पण तिकोंडीला जे झालं तो पैरा नव्हता. कुठलाही हिशोब नसताना, कुठलीही बांधिलकी नसताना आलेलं पाणी होतं ते. पुढच्या वर्षी येईल का, कधी येईल, किती येईल, हे काहीच त्यात ठरलेलं नव्हतं. शेतकरी असल्या पाण्यावर पेरणीचं धाडस करत नाही. डाळिंबाची बाग तर नाहीच लावत.

या प्रकारानंतर महाराष्ट्र सरकार हललं. जतच्या पासष्ट गावांसाठी वारणेतलं ६ टीएमसी पाणी देण्याचा निर्णय २०२१ मध्येच झाला होता, तो विस्तारित म्हैसाळ योजनेच्या रूपाने सुमारे दोन हजार कोटी रुपयांच्या मंजुरीपर्यंत गेला. यातही एक प्रकारची अदलाबदल आहे, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. चांदोलीचं पाणी थेट जतला जात नाही. ते वारणेतून कृष्णेत यायचं आणि म्हैसाळच्या पंपाने उचलायचं. फरक एवढाच की दोन्ही टोकं एकाच राज्यात आहेत, त्यामुळे हिशोबाची वही एकाच खात्याकडे आहे.

हिशोब नेमका कुठं बिघडतो

समजा दोन्ही सरकारांनी उद्या सही केली. महाराष्ट्र २ टीएमसी सोडणार. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, लिटरमध्ये सांगायचं तर सुमारे २,८३० कोटी लिटर. कोयनेच्या पायथा वीजगृहातून दोन्ही संच चालू असताना साधारण २,१०० क्युसेक पाणी नदीत येतं. या वेगाने एक टीएमसी सोडायला साडेपाच दिवस लागतात, दोन सोडायला अकरा दिवस.

पण हे झालं धरणाच्या पायथ्याशी. राजापूरला किती पोचलं?

मधे नदी मोकळी नाही. ती पायऱ्यांची आहे. इथले बरेचसे बंधारे ‘कोल्हापूर पद्धतीचे’ आहेत. राज्यभर के. टी. वेअर म्हणून ओळखला जाणारा हा प्रकार याच जिल्ह्याच्या नावाचा आहे. दगडी खांबांमधल्या खाचांमध्ये पावसाळा संपल्यावर बरगे घालायचे, नदी अडवायची, आणि पुढच्या पावसाआधी ते काढून घ्यायचे. उन्हाळ्यात नदी म्हणजे एकामागून एक अशा भरलेल्या, अर्धवट भरलेल्या किंवा रिकाम्या डोहांची रांग असते. वरून पाणी सोडलं की ते आधी पहिला डोह भरतं, मग दुसरा. तळ कोरडा असेल तर वाळू आणि माती आपला वाटा आधी घेते. एप्रिल-मेच्या उन्हात वाफ होऊन जातं ते वेगळंच.

आणि मोटरी. कराडपासून राजापूरपर्यंत दोन्ही काठांवर सहकारी पाणीपुरवठा संस्थांच्या आणि शेतकऱ्यांच्या खासगी मोटरी बसलेल्या आहेत. नदीला पाणी आलेलं दिसलं की त्या सुरू होणार. पाणी शेवटपर्यंत पोचवायचं तर उपसाबंदी लावावी लागते, प्रसंगी काठावरच्या फिडरची वीज ठरावीक तास बंद ठेवावी लागते. आपल्या दारावरून भरलेली नदी जाताना मोटर बंद ठेवायची, आणि तीही परराज्यासाठी, हे शिरोळच्या शेतकऱ्याला सांगणं सोपं नाही. राजापूर बंधाऱ्याचे बरगे काढण्यावरून तणाव झाल्याच्या आणि बंधाऱ्यावर पहारा बसल्याच्या बातम्या या तालुक्याला नव्या नाहीत.

तेव्हा कराराचा पहिलाच प्रश्न हा की २ टीएमसी म्हणजे कुठं मोजलेले? कोयनेच्या पायथ्याशी मोजायचे तर वाटेतली तूट कर्नाटकच्या डोक्यावर. राजापूरला मोजायचे तर ती महाराष्ट्राच्या डोक्यावर, म्हणजे दोन पोचवायला धरणातून त्याहून बरंच जास्त सोडावं लागणार. शिरोळ तालुक्यात कुरुंदवाड आणि अर्जुनवाडला केंद्रीय जल आयोगाची मापन केंद्रं आहेत. पुराच्या वेळी त्यांचे आकडे अख्खा जिल्हा बघत असतो. पण पूर मोजणं वेगळं आणि बंधाऱ्याच्या फुगवट्यात जवळजवळ थांबलेल्या पाण्यातून रोज किती पुढे सरकलं हे मोजणं वेगळं. दोन्ही राज्यांना मान्य होईल असं मोजमाप उन्हाळ्याच्या प्रवाहासाठी बसवणं हे काम आधी करावं लागेल.

उलट बाजूलाही हाच प्रश्न. जतला किती दिलं हे तुबची-बबलेश्वरच्या कालव्यावर मोजायचं की जतच्या तलावात? ओढ्यातून सोडलं तर वाटेतल्या कर्नाटकातल्या मोटरीही गप्प बसणार नाहीत. आणि मुख्य म्हणजे वीजबिल कुणी भरायचं? कोयनेचं पाणी उताराने जातं, फुकट जातं. जतचं पाणी पंपाने चढवावं लागतं. म्हैसाळ योजना थकलेल्या वीजबिलांपायी अनेकदा बंद पडली होती. शेवटी बिलाचा ८१ टक्के भार सरकारने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी उचलायचा असं ठरवावं लागलं, तेव्हा ती नियमित चालू लागली. परराज्याच्या पंपाचं बिल हा त्याहून किचकट विषय. टीएमसीला टीएमसी अशी बरोबरी केली तर उचलून देणाऱ्यावर अन्याय होतो, हे कर्नाटकचं म्हणणं असेल तर ते खोडून काढणं अवघड आहे.

वेळेचंही गणित जुळत नाही. कर्नाटकला पाणी हवं एप्रिल-मेमध्ये, पिण्यासाठी, तातडीने. जतला हवं ते पावसाळ्यानंतर तलाव भरून घ्यायला आणि रब्बीला. म्हणजे एकाने आधी द्यायचं आणि दुसऱ्याने सहा महिन्यांनी फेडायचं. गावात पैरा चालतो कारण उद्या सकाळी तोंड दाखवायचं असतं. इथं मधल्या सहा महिन्यांत एखादी निवडणूक, एखादा सीमावाद, एखादा पूर सहज येऊन जातो.

इतरांनी हे कसं जमवलं

केरळ आणि तमिळनाडू यांच्यातला परांबिकुलम-आळियार करार हे देशातलं जवळचं उदाहरण. १९७० मध्ये सह्या झाल्या आणि तो १९५८ पासून लागू धरला गेला. पश्चिमेला वाहणाऱ्या नद्यांचं पाणी धरणं आणि बोगद्यांतून तमिळनाडू पूर्वेला वळवतं. त्या बदल्यात वर्षाला केरळच्या शोलयार धरणासाठी १२.३ टीएमसी आणि चित्तूर खोऱ्यासाठी मनक्कडवू बंधाऱ्यावर ७.२५ टीएमसी पाणी द्यायचं, असं ठरलं. किती, कुठं मोजायचं, हे दोन्ही कागदावर आहे. देखरेखीला दोन्ही राज्यांचं संयुक्त मंडळ आहे. भांडणं तरीही होतात, केरळात दर दुष्काळात ‘तमिळनाडूने कमी दिलं’ अशी ओरड होते. पण ती भांडणं ७.२५ मधले किती पोचले यावर होतात. कोल्हापुरात आणि बेळगावात भांडण अजून द्यायचं की नाही यावर चालू आहे.

अमेरिकेत कोलोराडो राज्यात तर या अदलाबदलीला कायद्यात स्वतंत्र जागा आहे. आर्कान्सा नदीवर प्वेब्लो इथं खाली मोठा जलाशय आहे आणि वर डोंगरात ट्विन लेक्ससारखे साठे आहेत. वरच्याला पाणी अडवून ठेवायचं असेल तर त्याने खालच्या जुन्या हक्कदाराला खालच्या साठ्यातून तितकंच पाणी द्यायचं. नदीने वाहून नेताना होणारी तूट राज्याचे अभियंते हिशोबातून वजा करतात, आणि मधल्या कुणाच्या हक्काला धक्का लागला तर व्यवहार थांबतो. त्या ‘मधल्या कुणाच्या’ जागी शिरोळचा नदीकाठ ठेवून बघा. आपल्याकडच्या चर्चेत दोन मुख्यमंत्री असतात, जत असतं, अथणी-जमखंडी असते. ज्याच्या दारावरून पाणी जाणार आणि ज्याची मोटर बंद होणार, त्याला काय मिळणार हे कुठल्याच प्रस्तावात ऐकू येत नाही.

दोन राज्यांना एकत्र धरण चालवणं जमतच नाही असंही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातलं काळम्मावाडीचं दूधगंगा धरण दोन्ही राज्यांचा प्रकल्प आहे, त्यात कर्नाटकचा वाटा आहे, आणि कुरबुरींसकट ते चाललेलं आहे.

आणि पुराचं काय?

‘पावसाळ्यात अलमट्टी भरून आम्हाला बुडवता आणि उन्हाळ्यात पाणी मागता’, हा मुद्दा प्रत्येक चर्चेत येतोच. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या शिरोळ-करवीरमध्ये तो येणं साहजिक आहे. २०१९ च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या नंदकुमार वडनेरे समितीने मात्र त्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नव्हतं. अलमट्टीची उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करण्याच्या कर्नाटकच्या हालचालींना महाराष्ट्राचा विरोध आहे आणि तो वाद स्वतंत्र आहे. उन्हाळ्यातल्या दोन टीएमसीला त्याच्याशी बांधलं तर दोन्ही विषय अडकतात. तरी वाटाघाटीत ते एकमेकांत मिसळतातच, कारण टेबलावर बसणारी माणसं तीच असतात.

सध्या चेंडू कुठं आहे

विस्तारित म्हैसाळ योजना पूर्ण झाली की जतसाठी महाराष्ट्राला कर्नाटकच्या पाण्याची गरज कमी होईल. तेव्हा देवघेवीत महाराष्ट्राकडून मागायला उरेल ते अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर, म्हणजे भीमेची बाजू. तिथं पाणी द्यायचं उजनीतून आणि घ्यायचं कर्नाटकच्या कालव्यांतून. उजनीची स्थिती बघता ते कोयनेपेक्षा कठीण. दुसरीकडे, वारणेचे ६ टीएमसी जतला बांधले गेले की कर्नाटकला उन्हाळ्यात द्यायला चांदोलीत मोकळं पाणी तितकंच कमी राहील.

एक गोष्ट मात्र सही न करताही बदलता येईल, ती म्हणजे बोलणी कधी करायची. कर्नाटकचं पत्र येतं ते मार्चनंतर. कोयनेचं पाणीवर्ष १ जूनला सुरू होतं, म्हणजे पत्र येतं तेव्हा वर्षाचा बहुतेक हिशोब वाटून संपलेला असतो. राज्यात धरणांमधला साठा १५ ऑक्टोबरला बघून रब्बी आणि उन्हाळी आवर्तनांचं नियोजन होतं, कालवा सल्लागार समित्यांच्या बैठका त्यानंतर होतात. कर्नाटकची मागणी आणि जतची परतफेड दोन्ही त्या वेळी मांडली गेली, तर किती आवर्तनं कमी होतील आणि उपसाबंदी कोणत्या आठवड्यात लागेल हे शिरोळच्या पाणीपुरवठा संस्थांना लागणीच्या आधीच कळेल.